आबांच्या पहिल्या विमानप्रवासातले हादरे

मंडळी, आज दुपारी मुंबईहून आपल्या संभाजीनगरला विमान आणलं. मी सहवैमानिक. मागं प्रवाशांत माझे आबा होते. गंगापूरकडं आयुष्यभर मेंढरं राखलेला माणूस, विमानात पहिल्यांदाच बसलेला.

उतरायच्या जरा आधी समोर एक ढग फुलकोबीसारखा वर फुगताना दिसला. अशा ढगात हवा लई खवळलेली असते, म्हणून आम्ही लांबून वळसा घातला. तरी खालची तापलेली जमीन हवा वर ढकलत होती, त्यामुळं पाचेक मिनिटं चांगलेच हादरे बसले. हात कंट्रोलवर होते, जीव मात्र आबांपाशी.

मी बाहेर आले तर आबांसोबत त्यांच्या शेजारच्या सीटवरच्या काकू उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी तर रडायलाच लागले होते. यांनी समजावलं, 'उन्हानं माळ तापला की हवा उसळती. घार त्याच हवेवर पंख न हलवता वर चढती. विमान हलतंय, पडत नाय. अन् चालवतीय माझी लेक!'"

हा धडा मी जाडजूड पुस्तकातून पाठ केला होता. आबा तो माळावर मेंढरांमागं फिरताना शिकले होते.

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "आबा, खरंच भ्या नाय वाटलं?"

"लई वाटलं," ते हळूच म्हणाले. "पर तुझं नाव सांगून बसलो व्हतो. मग भ्यायचं कसं?"

तुमच्यासाठी कुणी अशी भीती गिळलीय का? सांगा ना.