निळ्या काठाचा वाडगा

अर्झेला वहिनीला माझ्या भावाशेजारी पुरून घ्यायचं नव्हतं, याचा राग मला अजून आहे. भाऊ माझा फौजेतला. सरकारी दफनभूमीत त्याला पांढराशुभ्र दगड मिळाला, आणि बायकोची जागाही त्याच्यालगत राखलेली. पण वहिनीच्या दुखण्यात डॉक्टर कापसाच्या वेचणीपुढचं काही बोलेनात, तशी बाईने जाहीर करून टाकलं, "लूडी, मला आपल्या चर्चमागे ठेवा. आईच्या शेजारी."

"आणि माझा भाऊ तिकडे एकटा?"

"तुझ्या भावाचं घोरणं जन्मभर ऐकलंय मी. आई मला नऊच वर्षं मिळाली."

कपाळ माझं! पण पंचाईत अशी की आई नेमकी कुठे आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आणि तेही वहिनीच्याच कर्माने.

आमच्या जुन्या माणसांच्या थडग्यांवर नावं कोरलेले दगड नाहीत. माणसाने शेवटची हाताळलेली वस्तू, कप म्हणा, दिवा म्हणा, औषधाची बाटली म्हणा, थडग्यावर ठेवायची आणि तिथल्या तिथे तिचा तळ फोडायचा. म्हणजे मरणाची साखळी तुटते, घरातलं दुसरं कुणी मागोमाग जात नाही. वहिनीची आई शेवटचं सूप प्यायली ती निळ्या काठाच्या वाडग्यातून. आजीने तो थडग्यावर नेऊन फोडला, आणि नऊ वर्षांची अर्झेला बघत उभी होती.

पुढे हीच अर्झेला शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवून शिवून घर चालवणारी बाई झाली, चर्चच्या महिला मंडळाची प्रमुख झाली. स्वच्छतेचं तर असं वेड, की तिच्या स्वयंपाकघरात माशी यायलाही घाबरायची. एका वर्षी ऑगस्टच्या मेळ्याला शहरातली सगळी नातलग मंडळी गावी यायची होती. पाद्री म्हणाले, चर्चमागे नुसता फुटक्या भांड्यांचा उकिरडा दिसतो, लोक काय म्हणतील? वहिनीने पदर खोचावा तसा एप्रन कसला आणि मंडळाच्या बायकांना घेऊन सगळे कप, दिवे, बाटल्या उचलून खड्ड्यात लोटले. गवत कापायचं यंत्र सरळ फिरायला लागलं. सगळ्यांनी वाहवा केली.

आईचा वाडगा मात्र तिला खड्ड्यात टाकवेना. थडग्यावरची वस्तू घरात आणायची नसते, म्हणून तो घरामागच्या शेडमध्ये खुंटीला टांगला. जागा मी विसरेन होय, देवदाराखालीच तर आहे, असं म्हणायची. मग वादळात तो देवदार मुळासकट गेला, खोडही कुणीतरी ओढून नेलं.

या वर्षी शेजारचं पाइनचं रान तोडायला निघालं, तेव्हा चर्चने दफनभूमीची नोंद करून कुंपण घालायचं ठरवलं. विद्यापीठातून केन्या टॉलिव्हर आली, आपल्यातलीच पोरगी. हातात पोलादी सळई. जिथे जमीन कधी खणलीय तिथे सळई भसकन आत जाते, न खणलेल्या मातीत अडते. नरम लागलं की ती एक छोटा झेंडा रोवायची, फोटो काढायची, नकाशात जागा भरायची. दुपारपर्यंत मैदानभर झेंडे झाले. एवढी माणसं आमच्या पायाखाली होती, आणि आम्ही त्यांच्यावर यंत्र फिरवत होतो!

वहिनी काठी टेकत झेंड्याझेंड्याशी थांबत होती. कुठेच ओळख पटेना.

"कर आता आणखी साफसफाई," मी बोलून गेले. ती खाली मान घालून उभी राहिली. जिभेला हाड नसलं की असं होतं.

केन्या एका खोलगट जागेवरच्या वेली हाताने बाजूला करत होती. "आजी, इथे काहीतरी आहे बघा," ती म्हणाली. मुळांच्या जाळ्यात चिनीमातीचा एक गोल तुकडा रुतला होता. फुटलेला तळ. वरचं सगळं वहिनीने उचललं होतं. तळ मात्र जिथे फुटला तिथेच राहिला होता.

"लूडी! शेडमध्ये जा!" वहिनी ओरडली.

मी धावले. या वयात धावले! वाडगा आणला. केन्याने तो तुकड्यावर हलकेच टेकवला, आणि कडेला कड बसली. वहिनी गुडघ्यांवर बसून रडली, "आई, मी गं, मी," एवढंच म्हणत. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

मग केन्याने शेजारी सळई घातली. नरम. दुसऱ्या बाजूला घातली. तिथेही नरम, आणि ती जागा तान्ह्या मुलाएवढीच. डोक्याकडेही कुणी होतंच. पोरीचा चेहरा पडला. "आजी, शेजारी जागा नाही हो."

वहिनीने वाडग्याच्या निळ्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पायाकडे बघ."

पायाकडे सळई अडली. घट्ट माती.

"मग झालं तर," वहिनी डोळे पुसत म्हणाली. "घरात खाट एकच होती. धाकटी भावंडं आईच्या कुशीत, मी पायाशी. तिचे पाय गार असायचे, मी पोटाशी धरून झोपायचे."

कापूस अर्धा वेचून झाला तेव्हा आम्ही तिला तिथेच ठेवली. तिचा कॉफीचा कप मी स्वतः थडग्यावर फोडला आणि तळ मातीत दाबला. आईचा वाडगाही परत आपल्या जागी गेला. गवत कापणाऱ्याला मी सांगून ठेवलंय, यातलं काही हललं तर गाठ माझ्याशी आहे.

भावाला जाऊन सांगितलं, वहिनी येत नाही रे, तिला तिच्या आईचे पाय धरायचेत.