माठातलं पाणी आणि सामंत मास्तरांची वही

सिल्वासाच्या शाळेत रुजू झाले त्याच दिवशी शिपाई लखमाभाईंनी प्रयोगशाळेची किल्ली माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकले. "बेन, जायचं तर उजेडात जा," म्हणाले... भर दुपारचे बारा वाजले होते हो!

ही पासष्ट-सहासष्टच्या थंडीतली गोष्ट. मी चिपळूणहून आलेली, नवी कोरी बीएस्सी, कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. माझ्या आधीचे सायन्सचे सामंत मास्तर दीड महिन्यापासून जवळच डोकमर्डीला घरी बसून होते. बोलत नव्हते, विचारलं तर भिंतीकडे बघायचे...

त्या खोलीतल्या कशानं तरी मास्तरांना धरलंय, असं सगळं गाव म्हणत होतं. महिनाअखेर हजर झाले नाहीत तर नोकरी जाणार, असं पत्रही वरून आलं होतं. पदरात दोन लहान मुली. सामंत वहिनींचा चेहरा बघवत नव्हता.

कपाटात मला मास्तरांची वही सापडली. बेन्झॉइक आम्ल नावाची पांढरी भुकटी असते... दुबळं आम्ल, साध्या पाण्यात नावापुरतं विरघळतं. मास्तर दर शनिवारी तेवढीच भुकटी तेवढ्याच पाण्यात ढवळून ठेवायचे आणि सोमवारी गाळून, उरलेली वाळवून तोलायचे. जेवढी कमी भरली तेवढी विरघळली, साधा हिशेब. शेजारी थर्मामीटरचा आकडा.

आता पाणी गार तर विरघळणार कमी, हे पोरंसुद्धा सांगतील. वहीत मात्र दसऱ्यानंतर थंडी वाढत गेली आणि भुकटी दर आठवड्याला जास्तच नाहीशी होत गेली. अक्षर हळूहळू वाकडं होत गेलेलं... शेवटच्या पानावर एकच ओळ होती. 'पाणी तेच. भुकटी तीच. मग नेतंय कोण?' त्याखाली तीच ओळ पुन्हा, आणि पुन्हा. मी मोजली, अकरा वेळा होती.

मी म्हटलं, मास्तरांचा तराजू बिघडला असणार. दुसरा तराजू आणला, भुकटी स्वतः तोलली, लखमाभाई विहिरीचं पाणी उकळून, गाळून दाराबाहेरच्या माठात भरायचे तेच घेतलं. खोलीला कुलूप लावून किल्ली उशाखाली ठेवली. तिसऱ्या दिवशी तोललं... पुन्हा तोललं. माझीही तेवढीच जास्त गेली होती.

खरं सांगते, मी घाबरले. बंद खोलीत, माझ्या हातून तोललेलं कुणीतरी नेत होतं. त्या दिवसापासून पाठीमागे कुणी उभं आहे असं वाटायला लागलं. वहीत लिहिताना एकदा माझ्याच हातून 'नेतंय' असा शब्द लिहून झाला... पेन टाकून मी बाहेर पळाले.

दुसऱ्या सकाळी लखमाभाई दारातूनच ओरडले. आदल्या संध्याकाळी पळण्याआधी थोडी भुकटी गरम पाण्यात विरघळवून मी फ्लास्क खिडकीत ठेवला होता. ठेवताना स्वच्छ पाणी होतं, सकाळी आत पांढऱ्या सुयाच सुया उभ्या! "हेच बेन, हेच मास्तरांच्या बाटलीत आलेलं! मीच पहिलं बघितलं!"

मला हसू आलं. गरम पाणी गार झालं की जास्तीचं सोडून देतं, त्यात भूत कसलं? मी ते समजावतच होते, तर लखमाभाई हळूच म्हणाले, "म्हणून तर दसऱ्यापासून मी राख टाकतो ना. भगतानं दिलेली. रोज मूठभर, माठात. मास्तरांना काही होऊ नये म्हणून... आता तुमच्यासाठी पण."

मी धावत माठाशी गेले. तांबडा लिटमस कागद माठात बुडवला... निळा! राख तळाशी बसायची, वर पाणी नितळ दिसायचं, पण राखेतला खार त्यात उतरलेला. दुबळ्या आम्लाला खार भेटला की त्याचं मीठ होतं आणि ते गुपचूप विरघळून जातं. मास्तरांनी भुकटी तपासली, थर्मामीटर तपासला, शेवटी स्वतःचं डोकं तपासलं. पाण्यावर शंका घेतली नाही. अहो, मी तरी कुठे घेतली होती!

तशीच डोकमर्डीला गेले. एका बाटलीत माठाच्या पाण्यात केलेलं ते गाळलेलं द्रावण, दुसरीत थोडं तेजाब, म्हणजे जहाल आम्ल... ते खाराला मारतं आणि भुकटी मोकळी होते. मास्तर भिंतीकडे तोंड करून बसलेले. मी त्यांच्यासमोर तेजाबाचे थेंब सोडले... आणि नितळ पाण्यात पांढरं, पांढरं उतरायला लागलं. गेलेलं सगळं परत येत होतं.

मास्तरांनी मान वळवली. बाटली दोन्ही हातांनी धरून उजेडाकडे नेली. मग म्हणाले, "बाई... वजन केलंत का?" वहिनी तिथेच उंबऱ्यावर रडायला लागल्या.

राखेचं सांगताना मला धाकधूक होती, लखमाभाईंवर भडकले तर? महिना संपायला तीन दिवस असताना मास्तर हजर झाले ते सरळ माठाशीच गेले. "माझ्यासाठी टाकत होतास होय रे?" एवढंच विचारलं. लखमाभाईंनी मान हलवली. मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, मग दोघांनी मिळून माठ अंगणात उपडा केला.

आज दोघंही नाहीत. पण ज्या मायेनं ती राख पडत होती, त्याच मायेपायी एक माणूस भिंतीकडे तोंड करून बसला होता, हे मी अजून विसरलेले नाही. आणि कुणी म्हणालं ना, अमक्याला बाहेरचं काहीतरी लागलंय... की मी आधी विचारते, पाणी बघितलंत का?