आग, पूर, भूकंप आणि व्याही

मराठवाड्यात भूकंप झाला, त्याच्या पुढच्याच आठवड्यात आमच्या वडिलांनी घराचा विमा काढायचं मनावर घेतलं. घर म्हणजे जळगावातला तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त होताना जे काही हाती पडलं, ते सगळं त्यांनी या दोन खोल्यांत ओतलं होतं. असोद्याचे काका घरभरणीला आले तेव्हा त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं आणि विचारलं, "खाली दुसऱ्याचं, वर दुसऱ्याचं, मग तू घेतलं काय?" वडिलांनी आईला त्यांचं पान वाढायला सांगितलं.

आईला मात्र आपण काय घेतलं ते पक्कं ठाऊक होतं. तीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर तिला भिंती मिळाल्या होत्या. भाड्याच्या घरात एक खिळा ठोकायचा तर मालकाच्या हातापाया पडावं लागे. इथे पहिल्याच दिवशी तिने हातोडी मागवली आणि अकरा खिळे ठोकले. चाळणीला एक, सुपाला एक, वडिलांच्या पाठकोऱ्या कागदांच्या क्लिपला एक. काही खिळ्यांवर काय अडकवायचं हे तिचंही ठरलं नव्हतं, पण ठोकून ठेवले.

तर विमा. वडिलांना विमा हवा होता, पण स्वस्तातला. त्यांनी दोन-तीन कचेऱ्या पालथ्या घातल्या. सगळीकडे दर एकच, कारण तो वरूनच ठरलेला होता. भरताचं वांगंसुद्धा चार टोपल्या उलथ्यापालथ्या केल्याशिवाय न घेणाऱ्या माणसाला हे पटणं अवघड होतं. शेवटी त्यांना त्यांच्याच तोडीचा एजंट सापडला.

हे भाऊ मूळचे दोंडाईच्याकडचे. लुनावरून फिरायचे. एका पिशवीत विम्याचे फॉर्म आणि दुसऱ्या पिशवीत लग्नाच्या मुलामुलींच्या पत्रिका. दोन्ही धंद्यांत आधी भीती घालायची आणि मग सही घ्यायची, त्यामुळे त्यांना वेगळं काही शिकावं लागलं नव्हतं. त्यांनी वडिलांना मर्म सांगितलं: दर कमी होत नाही, पण घराची आणि सामानाची किंमत कमी दाखवली की हप्ता आपोआप खाली येतो. वडिलांचा चेहरा उजळला. वर भाऊंनी इमानदारीने बजावलंही, "पन नाना, जितलं लिखशात तितलंच भेटी."

"मिळायचं तेव्हा बघू," वडील म्हणाले. "भरायचं आज आहे."

घरात अक्षर माझं बरं. मी तेव्हा एका शाळेत शिकवत होते. खाली कार्बन घालून मी यादी लिहायला बसले आणि वडील एकेक वस्तू मातीमोल करत सुटले. कूलर: पत्रा गंजलेला. तो आदल्या उन्हाळ्यात घेतला होता. टीव्ही: चित्र वरखाली होते. कपाट: दार लागत नाही. सोन्याचं नाव काढताच आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कागदावर सोनं लिहिताय की चोराला आवतण देताय?" म्हणून सोने: नाही. शेवटी खुद्द घराची पाळी आली. भिंतींना ओल, टाकी गळकी, जिना अरुंद. भाऊ कळवळून म्हणाले, "नाना, भिंती तरी ऱ्हाऊ द्या!" पण वडिलांच्या अंगात आलं होतं. 'वरील सर्व माहिती खरी आहे' या ओळीखाली त्यांनी झोकदार सही केली.

हप्ता खरंच परवडला. पॉलिसीत आग होती, वीज होती, दंगल होती. पूरही होता, म्हणजे मेहरूणचा तलाव तीन जिने चढून आला असता तरी आमची सोय होती. भूकंपाचे थोडे जादा भरले. पॉलिसी आणि यादीची कार्बन प्रत वडिलांनी पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि त्या रात्री ते म्हणे शांत झोपले.

थंडीत भाऊंनी दुसरी पिशवी उघडली. माझ्यासाठी धुळ्याचं स्थळ आणलं. मुलगा इंजिनिअर. वाईट नव्हता; स्वतःच्या वडिलांसमोर तोंड उघडत नव्हता इतकंच. मला त्याने एकच प्रश्न विचारला, भरीत करता येतं का. जळगावच्या मुलीला हे विचारणाऱ्याच्या डोक्यात इंजिनिअरिंगसाठी भरपूर जागा असणार.

त्याचे वडील बड्या सरकारी हुद्द्यावरून निवृत्त झालेले. "हुंडा घेणं गुन्हा आहे, आम्ही त्यातले नाही," असं त्यांनी बसण्याआधीच सांगितलं. बसल्यावर मात्र एकेक 'फक्त' निघू लागलं. लग्न फक्त धुळ्यात, त्यांच्या पसंतीच्या कार्यालयात. मुलाला फक्त एक मोटारसायकल. सोनं काय, तुम्ही तुमच्या मुलीलाच घालणार. आणि मुलगा धुळ्यात ब्लॉक बघतोय, तर त्यात थोडा हातभार.

थोडा म्हणजे किती, हे मला चार दिवसांनी कळलं. सकाळी मी शाळेला निघताना वडील आईला सांगत होते, "फ्लॅट गहाण टाकू. नाही सुटला तर नाही. पोरीचं झालं की आपल्या दोघांना भाड्याची एक खोली पुरे." आईने खिळ्यावरची चाळण काढली, पुसली आणि पुन्हा त्याच खिळ्याला अडकवली.

मला रडू आलं आणि संतापही आला, संताप जास्त. आगीपासून घर वाचवायला ज्या माणसाने कचेऱ्या पालथ्या घातल्या, तोच माणूस ते घर व्याह्याच्या हातात द्यायला निघाला होता. मी तसं म्हटलंही. "लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस," एवढंच उत्तर मिळालं. पॉलिसी काढून मी पुन्हा वाचली. आग, पूर, भूकंप, दंगल. व्याही कुठेच नव्हता.

लग्नाची यादी करायला धुळ्याची मंडळी रविवारी आली. देण्याघेण्याचं, मानपानाचं सगळं त्या कागदावर ठरतं. पक्क्या यादीला नवा कोरा कागद लागतो, त्याला हळदकुंकू लागतं. पण आमचे वडील नवा कागद पहिल्या फटक्यात थोडेच वापरणार! ते म्हणाले, "आधी कच्ची करू. एक पाठकोरा आण गं."

पाठकोऱ्या कागदांची क्लिप समोरच्या खिळ्यावर होती. मी आतल्या खोलीत गेले आणि पेटी उघडली. माझी चूक अजिबात होत नव्हती. विम्याच्या यादीच्या कार्बन प्रतीची घडी उलगडून, कोरी बाजू वर करून मी ती भाऊंच्या हातात दिली आणि चहा आणायला गेले.

भाऊंनी त्यावर कार्यालय लिहिलं, मोटारसायकल लिहिली, सोनं लिहिलं, ब्लॉकचा हातभार लिहिला. मग मुलाच्या वडिलांनी कागद तपासायला घेतला. पलीकडची निळी अक्षरं दिसली तसा त्यांनी तो उलटा केला, चष्मा वर सरकवला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कूलर गंजलेला. कपाटाचं दार लागत नाही. सोने: नाही. इथे ते थांबले आणि उलटून पुन्हा पहिल्या बाजूचं सोनं बघून आले.

"हे काय आहे?"

भाऊ पंख्याकडे बघू लागले. वडील म्हणाले, "विम्याची यादी आहे."

"म्हणजे सरकारी कंपनीला खोटं लिहून दिलंत? की हे खरं आहे?"

मी ट्रे घेऊन दारात उभी होते. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता उठून कानाखाली देतील. पण ते पाहुण्यांकडे वळले आणि म्हणाले, "खरं आहे. खाली सही माझीच आहे."

"भिंतींना ओल?"

"आहे."

मुलाच्या वडिलांनी पाठीमागच्या खडखडीत कोरड्या भिंतीला बोट लावलं आणि ते बोट रुमालाने पुसलं. हातभार या घराच्या गहाणातून येणार हे त्यांना भाऊंकडून कळलंच होतं; असलं घर गहाण कोण घेणार, हा हिशेब त्यांच्या तोंडावर दिसत होता. "कळवतो," म्हणाले. चहासुद्धा न पिता दुपारची धुळ्याची एसटी गाठली. मुलाने मात्र जाताना माझ्याकडे बघून चटकन मान हलवली. ती कशासाठी, हे मला आजही सांगता येणार नाही. भाऊंनी त्या सगळ्यांचा चहा एकट्याने संपवला.

गहाणाचं नाव पुन्हा घरात निघालं नाही. पुढच्या स्थळांना ते पहिल्याच बैठकीत सांगून टाकायचे, "घर सोडून बोला." त्यामुळे माझं लग्न जमायला आणखी दोन वर्षं लागली. नातेवाइकांनी ती बोटांवर मोजली.

पॉलिसीची मुदत संपली तेव्हा भाऊ नवा फॉर्म घेऊन आले. वडिलांनी मला पेटीतून जुनी यादी काढायला लावली. ती पॉलिसीच्या घडीत होती, पाठीवर धुळ्याची मोटारसायकल आणि ब्लॉक तसेच. म्हणजे त्या दिवशी सगळे गेल्यावर त्यांनीच ती उचलून जागेवर ठेवली होती. मी मान खाली घालून कार्बन लावला.

"क्लिप तुझ्या नाकासमोर होती," वडील सावकाश म्हणाले. "पेटीपर्यंत गेलीस."

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं होतं. भाऊ पुन्हा पंख्याकडे बघू लागले आणि हळूच म्हणाले, "नाना, खरं लिखशात तर हप्ता वाढी बरं का."

"वाढू द्या," वडील म्हणाले आणि माझ्या पेनाकडे बोट दाखवलं. "लिही. भिंती कोरड्या."