यान उतरलं, गडी उतरेना

दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसून नंबर लावणाऱ्या बाईंना सगळे यानबाई म्हणत. बारा वर्षं त्या एका मासिकात अंतराळाच्या कथा लिहीत होत्या. दुपारी पेशंट कमी झाले की अपॉइंटमेंटच्या वहीखाली दुसरी वही सरकवायची आणि थेट ग्रहताऱ्यांत निघून जायचं. डॉक्टरांनी दोनदा हाक मारल्याशिवाय स्वारी परतायची नाही.

पण या खेपेला घोडं अडलं होतं. कथेतलं यान एका अनोळखी ग्रहावर उतरलं, ते झोकात उतरलं. आतला वैमानिक मात्र सहा आठवडे झाले तरी बाहेर पडायचं नाव घेईना. त्याने खिडकीतून जांभळं आकाश पाहिलं, मग तेच आकाश हिरवं पाहिलं, कमरेचा पट्टा सोडला, पुन्हा बांधला. यानबाईंनी नऊ वेळा दाराला हात घातला आणि नऊही वेळा पान फाडलं.

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं.

"दार गंजलंय का?" संपादकांनी विचारलं.

"दार ठणठणीत आहे हो. मीच गंजलेय."

"मग आठ दिवस त्या यानाचा नाद सोडा. 'जर असं झालं तर?' असे प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहा. रोज एक चिठ्ठी उचलायची आणि दहा मिनिटं हात न थांबवता लिहायचं. चांगलं लिहायचं नाही, नुसतं लिहायचं."

चांगलं लिहू नका म्हणणारा संपादक यानबाईंना पहिल्यांदाच भेटत होता. त्यांनी तीस चिठ्ठ्या केल्या, घड्या घातल्या आणि कापसाच्या बोळ्यांच्या रिकाम्या बरणीत भरून टेबलावर ठेवल्या. पहिल्या दिवशी दहातली सात मिनिटं "काय लिहू, काय लिहू" एवढंच लिहून झालं. दुसऱ्या दिवशी आठ.

तिसऱ्या दिवशी त्या कुणाचा तरी एक्सरे द्यायला आत गेल्या आणि बाहेर येऊन बघतात तो काय, बाकावरच्या प्रत्येकाच्या हातात एकेक चिठ्ठी! नंबराच्या समजून सगळ्यांनी उचलल्या होत्या.

"मॅडम, माझा नंबर कितवा?" गाल सुजलेल्या निवृत्त बसचालकांनी विचारलं. "इथं तर लिहिलंय, जर तुमची सावली तुमच्या आधी घरी पोहोचली तर?"

"माझ्यात आहे, जर झाडांनी रजा घेतली तर?" शेजारच्या शिक्षिका म्हणाल्या.

यानबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बसचालक विचारात पडले होते. "सावली आधी गेली तर बायको तिलाच विचारणार, हे कुठं उलथलेत? आणि ती सगळं ओकणार. नको बुवा. सावलीला धरूनच घरी जावं."

"झाडांनी रजा घेतली तर अर्ज कुणाकडे येणार?" शिक्षिका म्हणाल्या. "आणि बदलीवर उन्हात कोण उभं राहणार? मीच! आमच्याकडे नेहमी मीच असते."

तेवढ्यात अर्धं तोंड बधिर झालेले शिंपी आतून बाहेर आले. "माही हिठ्ठी हुठाय?" त्यांनी रागाने विचारलं, आणि अख्खा बाक खो खो हसला.

डॉक्टरांनी दारातून डोकं काढलं. या खोलीतून कण्हणं ऐकायची त्यांना सवय होती, हसणं नवीन होतं. पाठोपाठ बसचालक हसत हसतच खुर्चीत येऊन बसले. "यांचं तोंड उघडायला एरवी मला पाव तास लागतो," डॉक्टर म्हणाले. "राहू द्या ती बरणी तिथंच."

आठवडाभरात यानबाईंची वीस पानं भरली. हात मोकळा झाला, पण यानातला गडी जिथल्या तिथंच.

शुक्रवारी त्यांच्या सासूबाई नवी कवळी बसवून घ्यायला आल्या. बरणीत हात घालून त्यांनी चिठ्ठी काढली आणि चष्मा नव्हता म्हणून सुनेपुढे धरली.

"जर तुम्ही अशा ग्रहावर उतरलात, जिथं कुणालाच खोटं बोलता येत नाही, तर?" यानबाईंनी वाचलं.

"मग मी यानातून खाली पाऊलच टाकायची नाही."

"अहो आई, एवढ्या लांब जाऊन?"

"एवढ्या लांब जाऊन. खाली उतरलं की कुणीतरी विचारणारच, घरी सांगून आलात ना? न सांगता पळून आलेला माणूस काय उत्तर देणार गं? तो बसेल आतच, खिडकीतून आभाळ बघत."

यानबाईंच्या हातातलं पेन खाली पडलं. सहा आठवडे त्या दाराशी झटापट करत होत्या आणि खोट त्या माणसाच्या पोटात होती! पेन उचलून त्या वहीवर वाकल्या, ते फोन वाजला तरी मान वर नाही. आतून डॉक्टरांच्या तीन हाका आल्या, चौथीही आली.

शेवटी सासूबाईंनीच सुनेला खुर्चीसकट बाजूला सरकवलं आणि टेबलाचा ताबा घेतला. "तुमचं दुखतंय की नुसतं दाखवायचंय?" त्या येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागल्या. "नुसतं दाखवायचं असेल तर उद्या या. आज आमच्याकडे काम चाललंय." त्या दिवशी दवाखाना कधी नव्हे तो वेळेत बंद झाला.

चार दिवसांत कथा पुरी झाली. वैमानिक दार उघडून पायरीवर आला, समोरच्या पहिल्याच प्राण्याने "घरी सांगून आलास का?" म्हणून विचारलं, आणि बिचारा मटकन खाली बसून खरं बोलला. संपादकांनी ऱ्हस्वदीर्घाखेरीज कशाला हात लावला नाही.

अंक आला तेव्हा सासूबाईंनी कथा मोठ्याने वाचून घेतली, मासिक काखेत मारलं आणि शेजारी निघाल्या. यानबाईंना जिन्यातून त्यांचा आवाज ऐकू आला.

"मीच सांगितली हो तिला. तशी बरी उतरवलीये. मधे मधे तिने थोडी बिघडवली, पण शिकेल."