अक्काने घेतलेली सव्वा मूठ

अक्का गेली त्याला आता महिना होऊन गेला. सुधीरदादाचा फोन आला तेव्हा मी जळगावला कंपनीच्या आवारात ठिबकच्या नळ्यांची गाडी भरून घेत होतो. "अक्का गेली रे... झोपेतच," एवढंच तो बोलला. विनायकला घ्यायला आम्हा दोघांच्या घरी आलो, तर तो ओट्यावर बसून धाय मोकलून रडत होता. दादाने माझ्या आधी त्याला फोन केला होता. क्षणभर मला चक्क राग आला, की आधी मला नको का सांगायला? मग वाटलं, बरंच झालं. असा राग यावा अशी वेळ आपल्या घरात आली, हे काय थोडं झालं?

अक्का म्हणजे माझी मोठी काकू, सुधीरदादाची आई. मला कळायच्या आत माझी आई गेली आणि धरणगावच्या घरात अक्कानेच मला वाढवलं. तोंडाची फटकळ. शेजारणीच्या भरताला तोंडावर पाणचट म्हणायची, आणि तीच शेजारीण आजारी पडली की तिचं सगळं घर अंगावर घ्यायची. तिच्या शिव्या खाऊन वाढलेला मी, मला गोड बोलणाऱ्या माणसांची अजून भीती वाटते.

नोकरी लागल्यावर धुळ्याचं एक स्थळ सांगून आलं. चांगली शिकलेली मुलगी होती. अक्का अंगणात तुरकाठ्यांवर वांगी भाजत होती. तिच्याजवळ बसलो आणि सांगून टाकलं, की मला मुलींविषयी तसं काही वाटत नाही. मुलांविषयी वाटतं. कधीपासून, असं तिने विचारलं. कळायला लागल्यापासून, मी म्हटलं. वांगी करपत राहिली... मग ती उठली आणि धुळ्याला फोन लावून नकार कळवला. दोष आमच्याकडचा आहे, मुलीत काही कमी नाही, असं बजावून सांगितलं. फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता पुटपुटली, त्या पोरीनं कुणाचं काय घोडं मारलंय? त्या दिवशीचं भरीत कडू झालं होतं. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्लं.

तिने ते लगेच पचवलं असं मात्र नाही. वर्षभर मला या देवाला ने, त्या देवाला ने, चाललं होतं. तिचं माहेर साक्रीकडचं, तिथल्या कुणा भगताचा अंगाराही आणला. मी लावून घेतला. तिच्या हातच्याला नाही म्हणायची माझी छाती नव्हती. एक दिवस तिनेच पुडी उचलून तुळशीत ओतली. म्हणाली, ताप असता तर एव्हाना उतरला असता.

मग विनायक आला. जळगावला शाळेत गणित शिकवतो, आणि योगायोग बघा, तोही साक्रीकडचाच. पहिल्यांदा त्याला धरणगावला नेलं तेव्हा मला दरदरून घाम फुटला होता. ही दोघं मात्र त्यांच्या अहिराणीत अशी रंगली, की मीच उपऱ्यासारखा कोपऱ्यात बसून होतो.

खरी परीक्षा कानबाईला होती. श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते आणि तिचा रोट, म्हणजे प्रसाद, होतो. भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढायचे, ते दळून रोट करायचा आणि तो फक्त भाऊबंदांनीच खायचा. पाहुण्याला पुरणपोळी मिळेल, रोटाचा तुकडा नाही. आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकीलाही तो चालत नाही. आता मी आणि विनायक एका घरात राहत होतो, म्हणून मी अक्काला सांगितलं होतं, की येईन तर विनायकला घेऊन येईन, नाहीतर यापुढे कानबाईला मी येणार नाही.

गहू काढायच्या दिवशी मी एकटाच गेलो. सुधीरदादा धुळ्याहून आला होता. तिथल्या कॉलेजात शिकवतो, चार पुस्तकं वाचलेला, मनाने चांगला. एक चुलतकाका कुरकुरायला लागले तेव्हा तोच त्यांच्यावर उखडला. ही त्याची लाइफस्टाइल आहे, त्याची चॉइस आहे, आपण मान ठेवला पाहिजे, म्हणाला. माझी छाती फुगली. कुणीतरी आपली बाजू घेतली! पण पाठोपाठ तो मला समजावू लागला, की चॉइसच आहे ना तुझी, मग दोन दिवस बाजूला ठेव. विनायकला अक्काच्या माहेरचा पाहुणा म्हणून येऊ दे, पोटभर जेवू दे, फक्त रोट तेवढा नको. मला तो शब्द तेव्हा टोचला. निवड म्हटली की तिची घडी घालून कपाटात ठेवता येते, लोकांना सवड होईल तेव्हा काढता येते. मी काय आयुष्यभर घडीच घालत बसू? मी उठून पिशवी उचलली.

अक्का गव्हाच्या परातीपुढे बसली होती. हात थांबवून तिने दादाला विचारलं, की तुला तुझी बायको आवडली ते ठीक, पण आपल्याला बाईमाणूस आवडायला पाहिजे, हे तू कोणत्या दिवशी ठरवलंस? मग ती माझ्याकडे बोट करून अहिराणीतच म्हणाली,

"तो तसा शे, ते त्याना हातमा नही. विनायक त्यानी पसंत शे. आनि पसंत बेस शे."

एवढं बोलून तिने परातीत हात घातला, मोठ्याने विनायकचं नाव घेतलं आणि सव्वा मूठ गहू रोटात टाकले. चुलतकाका उठून गेले. थोड्या वेळाने दादानेच परात तिच्याजवळ सरकवली. त्या रविवारी कानबाई बसली तेव्हा विनायक रोटाचा तुकडा हातात धरून नुसता बसला, खाईना. रडतोस काय, गिळ, म्हणून अक्का त्याच्यावर खेकसली.

टीव्हीवर हल्ली मोठमोठी माणसं या लाइफस्टाइल चॉइसवर तावातावाने भांडतात. मी आवाज बंद करतो. मी कसा आहे ते माझ्या हातात नव्हतं. धुळ्याच्या त्या मुलीला फसवायचं नाही, विनायकबरोबर राहायचं आणि ते लपवायचं नाही, एवढंच माझ्या हातात होतं. आणि अक्काच्या हातात होतं मला घराबाहेर काढणं. तिने ते केलं नाही. या बाईचे उपकार मी कसे फेडू?

अक्काच्या दशक्रियेला नदीवर भाऊबंद मुंडणाला बसले तेव्हा विनायक आपणहून मागे, झाडाखाली जाऊन उभा राहिला. सुधीरदादाचं डोकं अर्धं झालं होतं. तसाच तो वळून न्हाव्याला म्हणाला, "त्यालाही बसवा. आमचा रोट खातो तो."

आता आम्हा दोघांच्या डोक्यावर खुरटे केस आलेत. आम्ही धरणगावला गेलो की अक्का पाणी विचारायच्या आधी डोक्यावर तेल थापायची. परवा रविवारी विनायकने तसंच माझ्या डोक्यावर थापलं, आणि केस कुठायत म्हणून मी ओरडलो. त्याच्या शाळेत आमच्याबद्दल कुणाला ठाऊक नाही. रजेवरून परतला तेव्हा त्याचं डोकं बघून सगळ्यांनी विचारलं, घरातलं कोण गेलं? माझी मोठी काकू, त्याने सांगितलं.