हळद लागलेली चकती

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका नळीत चकती बसवली. नळी तिनं धरली, लाकडी दांडीनं चकती मी दाबली. तिनं नळी उजेडाकडं केली, एक डोळा मिटला आणि म्हणाली, "तिरपी बसली. काढा."

हे तिचं नेहमीचं. बरणीचं झाकण, सुनेचं कुंकू, भिंतीवरचा पुढाऱ्याचा फोटो, सगळं तिला तिरपंच दिसायचं. आमच्या लग्नात माझी टोपीसुद्धा तिरपी होती म्हणे. "तवाच वळखलं म्या," म्हणायची, "ह्या माणसाला जलमभर सरळ करावं लागतंय." तिचं नाव मी कधी घेतलं नाही, इथंही घेणार नाही.

हिंगोलीत हळदीच्या मोंढ्यामागं एक खाजगी लॅब होती. तिथं सर हळद तपासत, पाणी तपासत. मी शिपाई, ती काचसामान धुवायला. दोघांची शाळा एकत्र केली तरी सातवी भरत नव्हती.

नळीचं तुम्हाला सांगतो. बोटाएवढी प्लॅस्टिकची नळी. तिच्या बुडाला पांढरी चकती बसवायची. तीही प्लॅस्टिकचीच, हातात घेतली तर भरीव वाटते, पण अंगभर बारीक छिद्रं, डोळ्याला दिसत नाहीत. तिच्यावर पांढरी भुकटी, भुकटीवर दुसरी चकती. वरून पाणी सोडलं की पाणी खाली उतरतं आणि त्यातलं विषारी औषध भुकटीत अडकतं. सर ते मग सोडवून मशीनला देत. सर चकतीला फ्रिट म्हणत. आमची ही नुसतं चकती म्हणायची. महिनाभरात सरही चकतीच म्हणायला लागले.

चकत्या बसवायला तिच्यासारखं कोणी नव्हतं असं मी म्हणणार नाही. माझ्याही बराबर बसत. ती फक्त खोड्या जास्त काढायची.

त्या दिवशी सकाळी तिचा भाऊ सिद्धेश्वर धरणाकडच्या त्यांच्या गावाहून पाण्याचा कॅन घेऊन आला. विहिरीत फवारणीच्या औषधाची बाटली तरंगताना सापडली होती, झाकण ढिलं. औषध सांडलं की नाही कुणाला ठाऊक नाही. गावात प्यायची विहीर तेवढी एकच.

"आई कॅनॉलवरून पाणी आणून राहिली," भाऊ म्हणाला. "परवा घसरली. ढोपर फुटलं."

"तू काहून आणत न्हाईस रं? हात मोडले का तुझे?"

"अक्का, ती आणू देती व्हय मला?"

आईचा हट्ट तिला माहीत होता, तिच्यातही तोच होता. नळ्या तिनंच भरल्या. पाणी उतरलं, सर मशीनपाशी बसले. भाऊ पायरीवर तंबाखू मळत राहिला, तोंडात टाकायचं विसरला. सरांनी मशीनमधून निघालेला कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काहीतरी आलंय," ते म्हणाले.

हिनं दाराची चौकट धरली. "मग विहीर बुजवत्याल का, सर? माहेर उठंल की माझं."

"थांबा, मावशी. औषधाची रेघ कागदावर जिथं उमटते, तिथं हे नाही. भलत्याच जागी आलंय."

त्यांनी ब्लेडनं नळी चिरली. वरच्या चकतीची कड पिवळी होती.

"ही हळद कुणी लावली?"

"चकतीला न्हाई लावली," ही म्हणाली. "कॅनला लावली, कुंकू लावलं, पाया पडले. बोट तेच व्हतं. माहेरचं पाणी दारात आलं, तसंच कसं घ्यावं?"

सरांनी कपाळाला हात लावला. जन्मभर हळदीतली भेसळ शोधली, आज पाण्यात हळद सापडली म्हणून हसायला लागले. मीही हसलो. ती हसली नाही. "हसू नगा. पाणी कसं हाय ते सांगा."

सगळी तपासणी पुन्हा करावी लागणार होती. तिनं साबणानं हात धुतले, मग नखं घासली, मग पुन्हा हात धुतले. तरी चकतीला बोट लावायची हिंमत होईना. म्हणून त्या दिवशी चकती मी दाबली आणि ती तिरपी बसली. काढली, दुसरी घातली. ती सरळ बसली.

नळीतून थेंब थेंब पाणी उतरेपर्यंत ती स्टुलावर बसून होती. शेवटचा थेंब पडला, सर नळी घेऊन आत गेले, ती बाहेर नळावर बादली भरायला गेली.

बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद होईना. मी ओरडलो, "अगं, नळ!" जाऊन पाहतो तर भिंतीला टेकून बसलेली. डॉक्टर आला, हृदय म्हणाला. तो येण्याआधीच मला कळलं होतं.

दिवस मावळायच्या आत अग्नी दिला. सर स्मशानात आले होते. बोलू का नको असं त्यांचं चाललं होतं. मी म्हणालो, "बोला."

"पाणी चांगलं आहे, काका. काही नाही त्यात."

मला राग आला. कुणाचा, ते अजून कळलेलं नाही.

मी मेव्हण्याला सांगितलं. तो रडत रडतच म्हणाला, "दाजी, कागद दाखवल्यानं गाव पाणी पीत नसतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या माहेरी निघालो. शेजारचे म्हणाले, सुतकात घर सोडू नये, विहिरीला तर शिवूच नये. मी जीपमध्ये बसलो.

विहिरीजवळून बायका रिकाम्या घागरी घेऊन कॅनॉलकडं चालल्या होत्या. मी पोहरा सोडला. एक म्हातारी ओरडली, "जावई, सुतक हाय तुमाला!"

"हाय," मी म्हणालो आणि प्यालो. पोटभर प्यालो. मग काठावर बसून राहिलो. मला काय होतंय ते बघत बायका उभ्या राहिल्या. बघा म्हणलं. उन्हं चढली, मला काही झालं नाही, तवा त्यातली एक पुढं आली आणि तिनं दोर हातात घेतला.

मी त्या बाईचीच एक कळशी मागून घेतली, भरली, खांद्यावर ठेवली आणि सासूच्या दाराकडं निघालो.