गालाबाईंचे उपास

एकादशी, सोमवार आणि गुरुवार असे सगळे उपास न चुकता करणारी माझ्या ओळखीत एकच बाई होती, आणि ती रशियन होती. सहा फुटांना जराशी कमी, केस पांढरेशुभ्र, पायात पुरुषी चपला आणि तोंडी नागपुरी वळणाचं मराठी. नाव गालिना. आमच्या भोपाळच्या अरेरा कॉलनीतल्या घराच्या वरच्या मजल्यावर नवरा-बायको भाड्याने राहायला आले आणि आठ दिवसांत त्या सगळ्यांच्या गालाबाई झाल्या.

मराठी नवऱ्याकडून आलेलं. सुधाकरराव मूळचे नागपूरचे, इंजिनियर व्हायला रशियात गेले ते तिकडचेच झाले. म्हातारपणी त्यांना इकडची ओढ लागली. "वहिनी, तिथल्या पेन्शनीत भोपाळला राजासारखं राहता येतं," हे ते जिन्यात भेटेल त्याला ऐकवत. गालाबाई शेजारी उभ्या राहून म्हणत, "राजासारखं स्वस्त आहे. माझ्यासारखं महाग आहे." ते खोटं नव्हतं. डाळ, तांदूळ, भाजी यांचा त्यांना बोजा नव्हता. पण चीज, कॉफी, चांगलं लोणी घेतलं की पाकीट हलकं होई. त्यांच्याकडे साध्या घरांतून रोज शिजणारं कुट्टू, म्हणजे बकव्हीट, इथे उपासाचं म्हणून चढ्या भावाने मिळतं, याचं त्यांना भारी नवल वाटे. खूश होत्या त्या फक्त शेपूवर; तिकडे तो रोजच्या जेवणात लागतो आणि इथे स्वस्त मिळतो. आमची मुलं ज्या भाजीच्या वासाने घर सोडून पळायची, तिची जुडी छातीशी धरून ही बाई हसत जिना चढायची.

दुसऱ्या वर्षी सुधाकरराव गेले. पुढे तिकडे लढाई सुरू झाली आणि गालाबाईंची पेन्शन अडकत-अडकत यायला लागली; कधी दोन-दोन महिने यायचीच नाही. हे आम्हाला ठाऊक होतं, पण पेपरातली बातमी ठाऊक असते तसं. दर अकरा महिन्यांनी करार नवा होई, रिवाजाप्रमाणे भाडं वाढे. त्यांनी कधी कुरकुर केली नाही, म्हणून आम्हीही कधी विचार केला नाही.

मग त्यांच्या राहणीत एकेक बदल दिसू लागला आणि प्रत्येक बदलाचं मी कौतुक केलं. एसी बंद झाला. त्या म्हणाल्या, सवय झाली. मे महिन्यात दुपारभर आमच्या कूलरसमोर विणत बसत, तो मला जिव्हाळा वाटला. कॉफी सुटून चहा आला, चहा सुटून गरम पाणी. हाटात त्या बाजार उठायच्या वेळेला जात. भाजीवाला एकदा माझ्यादेखत म्हणाला, "मैडम, जल्दी आया करो, ताजा मिलेगा." त्यावर त्या म्हणाल्या, "भीड़ अच्छी नहीं लगती." मीही मान डोलावली. थंड देशातलं माणूस, गर्दीची सवय नसणार.

उपासाचं खूळ त्यांना माझ्यामुळेच लागलं, असं मी अभिमानाने सांगत असे. एका एकादशीला मी साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, भगर आणि रताळ्याचा कीस असं ताट वर पाठवलं. पुढच्या एकादशीला त्या आपणहून म्हणाल्या, "मंजिरी, आज माझा पण उपास." मग माझा सोमवार त्यांनी धरला, पाठोपाठ आमच्या ह्यांचा गुरुवार. आमच्या घरी उपास तो त्यांच्याकडे, आणि ताट वर जाणार हे ठरलेलं. महिला मंडळात मी त्यांचा सत्कार घडवून आणला. शाल, श्रीफळ आणि वर माझं भाषण. परदेशी असून साधी राहणी कशी अंगी बाणवली, हे मी पंधरा मिनिटं रंगवून सांगितलं. गालाबाई खाली मान घालून बसल्या होत्या. त्याला मी विनय म्हटलं.

गेल्या पावसाळ्यात मला साखर निघाली. डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितले. एकट्यासाठी कोण घाट घालणार, म्हणून ह्यांचा गुरुवारही सुटला. मी वर जाऊन म्हणाले, "गालाबाई, आता तुम्हीही सोडा. देव काही रागवायचा नाही."

त्यांनी विणकाम खाली ठेवलं. "सगळेच?" त्यांनी विचारलं.

"सगळेच," मी म्हणाले, आणि खाली येऊन ह्यांना सांगितलं की बघा, आपल्यापेक्षा त्याच जास्त श्रद्धाळू.

दोन महिन्यांनी हाटातून परतताना त्या रस्त्यात कोसळल्या. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी त्यांचं मनगट दोन बोटांत धरून मला विचारलं, "इन्होंने कब से ठीक से खाना नहीं खाया?" मी सवयीने सांगायला गेले की त्या उपास फार करतात. उपास तर सुटले होते. उपास होते तेव्हाच ही बाई पोटभर जेवत होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हणाले की घरी चला, दोन्ही वेळचं आमच्यातच जेवा, भाड्याचं नावही काढू नका. बोलताना मला रडू आवरेना. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. धीर द्यायची पाळी त्यांच्यावर आली याची मला आजही शरम वाटते.

"ते ताट तुझ्या देवाचं होतं," त्या म्हणाल्या. "मी घेत होते, लाज नव्हती वाटत. आता तुला कळलं. आता ते तू मला देणार. ते कसं घेऊ?"

मी पुष्कळ विनवलं. महिनाभर त्या वर राहिल्या. मी नेलेलं ताट दाराशी घेत, दोन घास खात आणि बाकीचं नीट झाकून परत पाठवत. मग त्यांच्या रशियातल्या बहिणीच्या मुलीने तिकीट पाठवलं. निघताना त्यांनी मला जवळ घेतलं, तेव्हा शालीतून त्यांची हाडं हाताला लागली.

पोचल्यावर त्यांचा फोन आला. बहिणीचं घर लहान आहे, बर्फ पडतंय, म्हणाल्या. जेवलात का, एवढंच मला विचारायचं होतं. एका जिन्यावर इतकी वर्षं राहून एकदाही विचारलं नाही, ते आता कोणत्या तोंडाने विचारणार? थंडीला जपा म्हणाले आणि फोन ठेवला.